सोप्यातली सीट

नरसोबाच्या वाडीला पौर्णिमेला गेलात तर गर्दी भेटते, पेढ्याच्या दुकानात डोकावलात तर बासुंदी भेटते आणि कुठल्याही वारी, कुठल्याही आळीत गेलात तर मामा भेटतात. मामा म्हणजे कुणी एक माणूस नव्हे, तो प्रकार आहे. ओळखायची खूण एकच : दारात जुनी ओम्नी आणि ओम्नीत मागच्या सीटचा पत्ता नाही.

नाक्यावर हवालदारानं विचारलं, "सीट कुठाय?"

"घरात हाय. पावनं बसल्यात तिच्यावर."

यात खोटं काही नव्हतं. मामांच्या सोप्यात भिंतीला टेकून ती सीट असते. तिच्यावर बसून पाहुणे चहा पितात, नातू अभ्यास करतो, आणि मामांच्या थोरलीला बघायला आलेली मंडळीही तिच्यावरच बसली होती. "सोफा चांगलाय," असं नवऱ्या मुलाचे वडील म्हणाले तेव्हा मामांच्या तोंडून "पुढच्या ट्रिपला पायजे हुता" असं निसटलं. लग्न जमलं, हे नशीब.

मामांचं दुखणं साधं आहे. एक गाडी आणि दिवसाला तीन धंदे. पहाटे खव्याची पातेली, मग कृष्णाकाठच्या मळीतल्या वांग्यांच्या पाट्या, आणि उन्हं चढली की मिरज स्टेशनवरून वाडीला येणारे भाविक. वांग्याला सीट अडचण करते, भाविकाला सीट लागते. कंपनीनं सीट नट-बोल्टांनी आवळलेली. नदीकाठची दमट हवा, बोल्ट गंजायचे. पाना शोधण्यात अर्धा तास, बोल्टाला घासलेट पाजण्यात अर्धा तास आणि शिव्या देण्यात उरलेली सकाळ.

एके दिवशी ऊस भरलेल्या ट्रॉलीमागं गाडी अडकली. कारखान्याच्या हंगामात शिरोळ तालुक्यात निम्मं आयुष्य ट्रॉलीमागंच जातं. त्यात नवल नाही. पण मामांनी त्या वेळात ट्रॉलीच्या जोडणीकडं नीट बघितलं. एवढं टनावारी ओझं, आणि जोडलंय कशानं? साखळीला लोंबणाऱ्या एका पिनेनं! ज्ञान झालं. त्याच संध्याकाळी वेल्डिंगवाल्याकडं ओम्नी उभी राहिली. सीटच्या पुढच्या पायांना आकडे, ते तळातल्या गजात अडकवायचे. मागच्या पायांना पट्ट्या, पट्टीला भोक, भोकात पिन. पाना नाही, पक्कड नाही. पिन उपसली, सीट मागं उचलली, आकडे सुटले, सीट सोप्यात.

शोध लागला की शोधकाला आवरणं अवघड. मामांनी मग घरातली कॉट पिनेवर घेतली, फळ्या पिनेवर घेतल्या, न्हाणीचं दार पिनेवर घेतलं. ते दार एकदा पाहुण्यांसह बाहेर आलं. मामी म्हणतात, "घरातली समदी वस्तू दोन मिनिटांत निघतीया. ह्यास्नी घरातनं निघायला मात्र दोन तास."

एकदा घाईत पिनाच राहिल्या. गतिरोधकावर गाडीचं नाक खाली गेलं, सीटचे मागचे पाय उठले आणि तिघे भाविक मामांच्या मानगुटीवर आले. देवापर्यंत पोचायच्या आत लोटांगण घडलं. गाडीच्या रचनेत असा फेरफार कायद्याला चालत नाही, हे मामांना आधीही ठाऊक होतं. पण कायद्यापेक्षा त्या दिवशीच्या मानेनं त्यांना जास्त शिकवलं. तेव्हापासून पिनेला लाल दोरा आहे. दोरा दिसला नाही तर किल्ली फिरत नाही.

हसून झाल्यावर मला वाटलं, असा माणूस वाडीतच का निपजावा? उत्तर पावसाळ्यात मिळालं. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचं हे गाव. पाणी मंदिरातल्या दत्ताच्या पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तेव्हा त्या दक्षिणद्वार सोहळ्यात न्हायला लोक धावतात. त्याहून चढलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलते. घाटावरचा दुकानदार फळ्या उतरवतो. जिथं पाणी चढलं की देवसुद्धा मुक्काम हलवतात, तिथं बोल्ट आवळून बसणारा माणूसच येडा ठरतो.

२०१९ साली कंपनीनं ओम्नी बनवणं थांबवलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला. कंपनीनं निकालात काढलेल्या गाडीला इतकं काम कधीच पडलं नव्हतं. सीट निघाली आणि धान्याची पोती, शेजाऱ्यांचा टीव्ही, कुणाची शिलाई मशीन, कुणाची शेळी, अशा खेपांवर खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला उरल्या मामांच्या आई. वय नव्वदीकडं झुकलेलं. रिकाम्या गाडीत डोकावून म्हणाल्या, "मी काय वांगं हाय व्हय, खाली बसाया?"

पाणी गल्लीच्या तोंडाशी होतं. मामा सोप्यात धावले, सीट आणली, आकडे अडकवले, पिना ठोकल्या. म्हातारीनं बसायच्या आधी वाकून लाल दोरा बघितला. मग दुसऱ्या बाजूचाही बघितला.

"हं," म्हणाल्या, "आता हाक."