एका व्हॅनिटीबद्दल जाहीर आभार

सन्माननीय इंटिरियर डिझायनर साहेब,



आमच्या सिंहगड रोडवरच्या फ्लॅटचं बाथरूम आपण घडवलंत, त्याबद्दल आभार मानायचे राहूनच गेले. आपलं बिल मात्र वेळेवर पोचलं होतं.

बाथरूम 8 बाय 4 फूट. बरोबर प्लायवूडच्या एका शीटएवढं. संडास आणि न्हाणी एकत्र असेल तर किमान 2.8 चौरस मीटर जागा हवी, असं नॅशनल बिल्डिंग कोड सांगतो. बिल्डरने त्याचा मान जेमतेम राखला होता. तिथे आपण 42 इंच रुंद आणि भिंतीपासून 22 इंच पुढे आलेली व्हॅनिटी उभी केलीत. याला छाती लागते.

मापं घ्यायला आपण लेझरचं यंत्र आणलं होतंत. लाल ठिपका या भिंतीवरून त्या भिंतीवर असा काही फिरला, की आम्ही घरचे सगळे दारात गर्दी करून बघत होतो. मिलिमीटरपर्यंत अचूक! त्या मापात माणूसही धरायचा असतो, असल्या क्षुद्र शंका अशा वेळी काढू नयेत, एवढी समज आम्हाला आहे.

कमोडच्या मध्यापासून दोन्हीकडे 15-15 इंच सोडायचे, हा नियम आपण पाळलात, त्याबद्दल वेगळे धन्यवाद. 96 इंचांतून व्हॅनिटीचे 42 आणि कमोडचे 30 गेले, आंघोळीला 24 राहिले. बादली ठेवली की मी मावत नाही. मी उभा राहिलो की बादली कमोडच्या झाकणावर.

ड्रॉवर तर काय सुंदर! सॉफ्ट-क्लोज. व्हॅनिटीपुढे 26 इंच मोकळे, ड्रॉवर बाहेर येतो 18 इंच. उरलेल्या 8 इंचांत पोट आत घेऊन उभं राहावं लागतं. व्यायामशाळेची फी वाचली, ती आपल्या बिलात वळती करून घेतली असं समजतो.

दार आत उघडेना, म्हणून आपण ते पॅसेजमध्ये उघडणारं करून दिलंत. आता आतून बाहेर येणारा आधी खाकरतो. घरात जुन्या वळणाची शिस्त आली.

33 इंच उंचीच्या काउंटरवर आपण आणखी 6 इंचांचं काळं टेबल-टॉप बेसिन बसवलंत. आईची उंची 5 फुटांच्या आतली. तिच्यासाठी तिथे पाट ठेवलाय. लग्नात अंतरपाटामागे पाटावर उभी राहिली होती, त्यानंतर आता रोज चूळ भरायला ती पाटावर चढते. टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग त्या काळ्या बेसिनवर इतके उठून दिसतात, की पाहुण्यांना ते डिझाइनच वाटतं. आम्ही खुलासा करत नाही.

कोटेशनमध्ये ‘वॉटरप्रूफ’ लिहिलं होतंत. मरीन प्लायवर आयएस 710 चा शिक्का असतो म्हणे. आम्ही तो शोधायला गेलो, तर आत एमडीएफ निघालं. तांब्याने आंघोळ करणाऱ्यांच्या घरात पाणी उडतं, ही गोष्ट आपल्या कानावर कधी आली नसेल. खालच्या कडा पहिल्याच पावसाळ्यात टम्म फुगल्या. रुंदी तेवढीच अजून वाढली.

आणि नहाणी ट्रॅप! तो आपण व्हॅनिटीच्या पोटात घेतलात आणि हात जाईल एवढं गोल भोक मागे ठेवलंत. हात कुणाचा, ते सांगितलं नव्हतंत. आमचे प्लंबर अंगाने भरदार आहेत. ते फरशीवर आडवे होतात, आत बघतात आणि आपली आठवण काढतात. शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत, पण भावना उत्कट असते.

24 इंच रुंद आणि 16 इंच पुढे येणारी, भिंतीला टांगलेली व्हॅनिटी मिळते, असं कुणीतरी सांगत होतं. समोर 32 इंच मोकळे, आंघोळीला 42 इंच, ट्रॅपही उघडा. त्यांना म्हटलं, तुम्हाला फोटो काढायचे नसतील, आमच्या साहेबांना काढायचे होते. फोटो खरंच छान आलाय. दाराबाहेरून काढल्यामुळे असेल.

आता दुसऱ्या बाथरूमचं ड्रॉइंग आणि अ‍ॅडव्हान्सची आठवण, दोन्ही मिळालं. तिथे 48 इंची, दोन बेसिनांची व्हॅनिटी पाहून ऊर भरून आला. एकच नम्र विनंती. त्याच ड्रॉइंगमध्ये, त्याच स्केलवर, एक वीस लिटरची बादली आणि तिच्याशेजारी एक मध्यम बांध्याचा इसम काढून पाठवावा. दोघंही मावले, की चेक लगेच फाडतो.

कळावे, लोभ असावा.

आपला ऋणी,
एक आडवा चालणारा ग्राहक