पंधराची रात्र

स्थानिक वेळ काढण्याचं गणित मी एकतीस वर्षं शिकवलं. एका रेखांशाला चार मिनिटं. पूर्वेकडे जाताना मिळवायची, पश्चिमेकडे जाताना वजा करायची. नववीच्या प्रत्येक तुकडीत एखादा तरी महाभाग नेमकं उलटं करायचा आणि त्याच्या वहीवर मी लाल शाईनं लिहायचे, ‘तुझी गाडी चुकली!’ सप्टेंबर २०१७ मध्ये सैबेरियातल्या इर्कुत्स्क स्टेशनवर, मध्यरात्रीनंतर, अंगात दोन स्वेटर आणि हातात गेलेल्या गाडीचं तिकीट घेऊन मी उभी होते, तेव्हा ती सगळी पोरं माझ्यामागे रांगेत उभी राहून हसत असल्याचा मला स्पष्ट भास झाला.

तसा जुन्नरकरांना रशिया परका नाही. पंधराव्या शतकात त्वेर गावचा अफनासी निकितीन हा व्यापारी चौलच्या बंदरात उतरून आमच्या जुन्नरला आला आणि पावसाळाभर राहिला. त्याचं प्रवासनियोजन असं: निघाला, व्होल्गेवर लुटला गेला, परत जावं तर डोक्यावर देणं, म्हणून पुढे चालत राहिला आणि हिंदुस्थानात पोहोचला. विकायला म्हणून इतक्या लांबून आणलेला घोडा जुन्नरच्या खानानं काढून घेतला. तो परत मिळवताना बिचाऱ्याची दमछाक झाली. हा धडा मी वर्गात रंगवून सांगायचे आणि शेवटी विचारायचे, ‘‘मुलांनो, यातून काय शिकलो?’’ मुलं एका सुरात म्हणायची, ‘‘नियोजन महत्त्वाचं, बाई!’’

माझ्या डोक्यात रशिया त्याच्याही आधी शिरला होता. लहानपणी स्वस्तात मिळणाऱ्या रशियन पुस्तकांपैकी ‘चुक आणि गेक’ घरात होतं. दोन भाऊ आईबरोबर मॉस्कोहून आगगाडीनं बाबांना भेटायला निघतात, वाटेत दिवसच्या दिवस बर्फ आणि झाडं. निघू नका, असं सांगणारी बाबांची तार पोरांनी भांडणात हरवलेली असते. ते हरवणं मी तेव्हा फार मनावर घेतलं नव्हतं. मला फक्त ती गाडी हवी होती.

निवृत्तीचे पैसे हातात आले आणि मी घरात जाहीर केलं, ‘‘मी ट्रान्ससैबेरियननं जाणार. मॉस्को ते व्लादिवोस्तोक.’’ ह्यांची पाठ नारायणगाव ते पुणे एवढ्या प्रवासातच बोलायला लागते. ते म्हणाले, ‘‘मग एकटीच जा.’’ परवानगी म्हणायची की सुटका, हे मी विचारलं नाही. शेजारच्या वहिनींना काळजी वेगळीच होती. त्या वर्षी अनंत चतुर्दशी ५ सप्टेंबरला होती आणि मी निघणार सहाला. ‘‘पितृपक्षात?’’ त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की तिथे बर्फ पडायच्या आत परतायचं तर हेच दिवस बरे. पितरांना रशियाचा व्हिसा लागत नसावा, हे मनातल्या मनात म्हटलं. मला मात्र त्यासाठी आमंत्रणपत्र आणावं लागलं होतं.

आता मार्ग ठरवायचा. शाळेनं मोडीत काढलेला भिंतीवरचा नकाशा मी निवृत्तीची भेट म्हणून घरी आणला होता. तो भिंतीला टांगला, गोधडीचा दोरा घेतला आणि मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंत ताणून धरला. मुलगा मागे येऊन उभा राहिला.

‘‘आई, हा देश बंद पडलाय.’’

नकाशा सोव्हिएट संघाचा होता. त्यावर लेनिनग्राड होतं, गॉर्की होतं, स्वेर्दलोव्स्क होतं. दोन दिवस मी इंटरनेटवर गॉर्कीचं हॉटेल शोधत होते, ते का सापडत नाही याचा तेव्हा उलगडा झाला. गॉर्की केव्हाच परत निझ्नी नोव्हगोरोद झालं होतं, स्वेर्दलोव्स्क येकातेरिनबुर्ग. मी नावं खोडून नवी लिहिली. दोरा तोच ठेवला.

दोऱ्यानं घोटाळा केला नसता तरच नवल. सरळ रेषेत मॉस्को ते व्लादिवोस्तोक साडेसहा हजार किलोमीटरच्या आत भरतं, रेल्वेनं ९,२८८. रशियात एक लाडकी दंतकथा आहे. झार पहिला निकोलाय यानं मॉस्को ते सेंट पीटर्सबर्ग रेल्वेसाठी नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली, पट्टीच्या कडेला त्याचं बोट आलं म्हणून तिथे रेघ वाकडी झाली आणि भीतीपोटी अभियंत्यांनी रूळही तसेच वाकडे टाकले! खरी गोष्ट अशी, की ते वळण झार वारल्यावर वीसेक वर्षांनी, चढ फार होता म्हणून घातलेलं. २००१ मध्ये ते काढूनही टाकलं. पण त्या झारबद्दल मला आपुलकी वाटू लागली. माझ्या पहिल्या आराखड्यात तर सगळी बोटंच होती. एकोणीस दिवसांत मी सेंट पीटर्सबर्गपासून कामचाट्कापर्यंत सगळं बसवलं होतं. याकुत्स्क ‘वाटेतच’ होतं, म्हणजे रुळांपासून दोन बोटं वर.

‘‘दोन बोटं म्हणजे हजारावर किलोमीटर होतात,’’ मुलगा म्हणाला. ‘‘शिवाय तिथे लेना नदीवर पूल नाही. आणि कामचाट्काला बाकीच्या रशियातून ना रस्ता जातो, ना रेल्वे.’’

हे मला माहीत नव्हतं असं नाही. कामचाट्का मी ज्वालामुखीच्या धड्यात शिकवलं होतं, लेना नद्यांच्या. रशियाचं क्षेत्रफळ १ कोटी ७१ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपले पंचावन्न महाराष्ट्र, हे तर झोपेतही सांगितलं असतं. पण माहिती असणं आणि त्यातून सामान घेऊन जाणं, यांचे धडे वेगवेगळे असतात.

शेवटी कामचाट्का गेलं, याकुत्स्क गेलं, सेंट पीटर्सबर्गही गेलं. मॉस्को, इर्कुत्स्क, उलान-उदे, व्लादिवोस्तोक आणि तिथून विमानानं परत मॉस्को, एवढा सुटसुटीत मार्ग उरला. मग मी जन्मभर जे केलं तेच केलं. टाचण काढलं. दोनशे पानी वहीत प्रत्येक दिवसाला एक पान, प्रत्येक पानाला रकाने: उद्दिष्ट, साधने, कृती, मूल्यमापन. ‘साधने’मध्ये भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, थर्मास. आणि सगळ्यात महत्त्वाचा, मधोमध उभा आखलेला रकाना: वेळ.

कारण रशियन रेल्वेचा तेव्हा एक अजब कारभार होता. देशात अकरा प्रमाणवेळा. पण तिकिटावर, वेळापत्रकात आणि स्टेशनच्या घड्याळात एकच वेळ, मॉस्कोची. बाहेर भलेही मध्यरात्र असेल, स्टेशनात शिरलात की संध्याकाळ. (२०१८ च्या ऑगस्टपासून तिकिटावर स्थानिक वेळ छापू लागले. माझी दखल इतक्या लवकर घेतील असं वाटलं नव्हतं.) पण एकतीस वर्षं हेच गणित शिकवलेल्या बाईला याची काय भीती? मी तीन शाई वापरल्या: मॉस्को निळ्यात, स्थानिक हिरव्यात, भारतीय लाल. त्यात एक सुरेख गोष्टही सापडली. आपली वेळ मॉस्कोच्या अडीच तास पुढे आणि इर्कुत्स्क आपल्या अडीच तास पुढे. जुन्नर बरोब्बर मध्ये! हे मी ह्यांना उत्साहानं सांगितलं. ‘‘बरं,’’ ते म्हणाले.

इर्कुत्स्क ते उलान-उदे तिकिटावर छापलं होतं: १४ सप्टेंबर, २०.४०. पाच तास मिळवले: १.४०. मध्यरात्र ओलांडली, म्हणून तारीखही बदलली: १५ सप्टेंबर. हिरव्या शाईत लिहिलं, ‘१५ ता., रात्री १.४०’. खाली दुहेरी रेघ. पूर्ण गुण.

मॉस्कोहून निघालेल्या गाडीनं तीन दिवसांहून जास्त काळ मला नुसती झाडं दाखवली. बर्चची पांढरी खोडं, मग बर्चची पांढरी खोडं, मग एखादी नदी आणि पुन्हा खोडं. रुळांच्या कडेला किलोमीटरचे खांब होते. १,७७७ व्या किलोमीटरला युरोप संपून आशिया लागतो तो स्तंभ पाहायला मी खिडकीला नाक लावून बसले आणि नेमकी त्याच वेळी समोरून मालगाडी आली. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा बंब होता, त्यावर मी उपमा केला, भातावर मेतकूट कालवलं. डब्याची मालकीण असल्यागत वागणारी प्रवोद्नीत्सा, म्हणजे डबा सांभाळणारी बाई, धातूच्या नक्षीदार कोंदणात बसवलेल्या काचेच्या ग्लासातून चहा द्यायची. रात्रभर तो ग्लास टेबलावर किणकिणत राहायचा. माझ्या कार्डावर चाळीस रशियन शब्द होते. त्यातला ‘बेझ म्यासा’, म्हणजे मांस नको, सगळ्यात झिजला.

इर्कुत्स्कमध्ये दोन दिवस अंगारा नदीच्या काठी फिरले. पंधरा तारखेला सामान भरलं, पोटभर जेवले, हॉटेलात थोडी पडले आणि रात्री साडेबाराला, गाडीच्या तासभर आधी, स्टेशनवर हजर. घड्याळात साडेसात वाजले होते. मी हसले. हे घड्याळ दुसऱ्यांना फसवेल.

दीडच्या सुमारास एक गाडी लागली. दारातल्या प्रवोद्नीत्सानं तिकीट पाहिलं, पासपोर्ट पाहिला, पुन्हा तिकीट पाहिलं आणि म्हणाली, ‘‘व्चेरा.’’

माझ्या कार्डावर ‘वेचेर’ होतं. वेचेर म्हणजे संध्याकाळ. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. साडेआठ, मॉस्कोची संध्याकाळ, बरोबर आहे! ‘‘दा, दा, वेचेर,’’ मी म्हटलं.

‘‘न्येत. व्चेरा.’’ तिनं बोट छापलेल्या तारखेवर ठेवलं. चौदा.

बिचारीला गणित येत नाही, हे मी ताडलं. वही काढून हिरव्या शाईतला पंधरा दाखवला. तिनं आनंदानं मान हलवली: आज पंधराच. मीही हलवली. आम्हा दोघींचं पंधरावर इतकं एकमत होतं, की मी बॅग उचलून पायरीवर ठेवली. तिनं ती उचलून खाली ठेवली. मग तिनं अंगठा खांद्यावरून मागे नेला, जसं आपण लांब गेलेलं काही दाखवतो, आणि सावकाश, मठ्ठ मुलाला सांगावं तसं म्हणाली, ‘‘व्-चे-रा.’’

काल. गाडी काल गेली.

गाडी गेल्यावर बाकावर बसून मी उत्तर तपासलं. मॉस्कोचे पाच तास बरोबर. बदललेली तारीखही बरोबर. चुकली ती रात्र. पंधरा तारखेचा रात्रीचा १.४० म्हणजे चौदाच्या जेवणानंतरची रात्र. आणि मी गेले पंधराच्या जेवणानंतर. आमच्या घरी उजाडल्याशिवाय दिवस बदलत नाही. आईचा उपास रात्री बाराला सुटत नसे, सकाळी सुटे. पंचांग सूर्योदयापासून दिवस मोजतं, रेल्वे मध्यरात्रीपासून. अकरा प्रमाणवेळांच्या देशात मला त्यांच्या वेळेनं नाही फसवलं. मी जुन्नरची रात्र बॅगेत घालून नेली होती.

त्याच पानावर शेजारच्या रकान्यात मीच लिहिलं होतं: ‘उलान-उदे आगमन, १५ ता., सकाळी ९.१०’. म्हणजे माझ्या टाचणानुसार मी इर्कुत्स्कहून निघायच्या साडेसोळा तास आधी उलान-उदेला पोहोचणार होते. खाली ‘मूल्यमापन’ या रकान्यात लिहिलेलं होतं: उत्तम.

सकाळी खिडकीवर रांग लावून साध्या, उघड्या डब्याचं तिकीट मिळवलं. बाजूची वरची बर्थ, संडासाजवळ. दुपारी गाडी स्ल्युद्यांकाकडे उतरू लागली आणि डावीकडे झाडं संपून एकदम पाणी आलं. बैकाल. जगातलं सगळ्यात खोल सरोवर, १,६४२ मीटर. आपली कळसूबाई १,६४६. मी वर्गात सांगायचे, कळसूबाई बैकालमध्ये उभी केली तर फक्त चार मीटर वर राहील, देवळापुरती. त्या काठानं गाडी तासन्‌तास चालली. फलाटावर धुरावलेला ओमूल मासा विकत होते आणि डब्यात आठवडे बाजारातल्या सुकटीच्या गल्लीसारखा वास भरला. मी वही काढून पाहिलं: मूळ टाचणात बैकालची वेळ पहाटे चार ते सात होती. कृती: झोप.

उलान-उदेला दोन दिवसांऐवजी एकच मिळाला. त्यात चौकातलं लेनिनचं नुसतं डोकं, ७.७ मीटर उंच, पाहून झालं. त्याच्या चेहऱ्यावर पर्यवेक्षकांसारखा भाव होता. त्याच्यासमोर बसून मी उरलेल्या सगळ्या नोंदी तपासल्या आणि जिथे जिथे रात्र होती, तिथे पेन्सिलीनं एक दिवस मागे घेतला. मॉस्कोहून परतीचं विमान ‘२५ सप्टेंबर, ००.३५’ होतं. खोडून लिहिलं: चोविसाची रात्र.

व्लादिवोस्तोक पाहून विमानानं मॉस्कोला आले. भरदुपारी निघालं, साडेआठ-नऊ तास उडालं आणि उतरलं तेव्हाही दुपारच. अशा प्रवासानंतर माणसाचा कशावरच विश्वास राहत नाही. हॉटेलात टाचण उघडलं. ‘चोविसाची रात्र’. रात्र दिसताच धडकी भरली. एक दिवस मागे घ्यायचा, हा धडा आता चांगला पाठ झाला होता. घेतला.

विमानतळावरच्या मुलीनं तिकीट पाहिलं आणि गोड हसून म्हणाली, ‘‘झाव्त्रा.’’

हा शब्द कार्डावर होता. उद्या.

मी बॅगेवर बसले आणि ह्यांना फोन लावला. मॉस्कोत रात्रीचे दहा, म्हणजे घरी साडेबारा. ह्यांनी झोपेतच उचलला.

‘‘विमानतळावर आलेय,’’ मी म्हटलं. ‘‘एक दिवस लवकर.’’

‘‘बरोबर आहे की,’’ ते जांभई देत म्हणाले. ‘‘चोविसाची रात्र ना? इथे चोवीस लागली.’’

‘‘अहो, काहीतरीच काय!’’ मी म्हटलं. ‘‘अजून उजाडलंय कुठे? तेविसाचीच रात्र आहे ही.’’