चार लिंबांत काय होतंय?

"काकू, चार लिंबं आहेत का हो?"

"चार? कोण आजारी आहे घरात?"

दिल्लीतल्या मयूर विहार फेज वनच्या या तळमजल्यावरच्या फ्लॅटांमागे हातभर रुंदीची अंगणं आहेत आणि आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये मेंदीचं कुंपण. मार्चचं ऊन अजून सोसवतंय तोवर काकूंची खुर्ची बाहेर असते. मांडीवर संत्र्यासारख्या कीनूंचं ताट होतं.

"आजारी कोणी नाही. शनिवारी ह्यांच्या ऑफिसातली मंडळी जेवायला येताहेत. ह्यांनी परस्पर सांगून टाकलंय, आमच्याकडे घरची मार्गारिटा मिळेल म्हणून."

"म्हणजे बोलणार ते आणि पिळणार तू. किती जण?"

"आठ."

"मग तीस लिंबं लागतील. चारात तुझे पोहे होतील फक्त."

तीस ऐकून मी कुंपणाला टेकलेच. पण काकूंचा हिशोब पक्का. साडेसातशे मिलीच्या एका बाटलीत पन्नास-पन्नास मिलीचे पंधरा ग्लास. दर ग्लासला पंचवीस मिली लिंबाचा रस, आणि सफलच्या भाजीदुकानात मिळणारं कागदी लिंबू पिळून पिळून बारा-तेरा मिलीच्या पुढे जात नाही. "२०२२ च्या एप्रिलमध्ये असतीस तर बजेटच कोसळलं असतं," काकू म्हणाल्या. "तेव्हा लिंबं तीनशे रुपये किलोच्या वर गेली होती. आपल्या गल्लीतल्या लोकांनी सॅलडवर व्हिनेगर शिंपडलं, पण कबूल कोणी केलं नाही."

काकूंना हे सगळं कसं माहीत, असं नव्या माणसाला वाटतं. त्यांचं माहेर वर्धा. गांधीजींचा जिल्हा, तिथे दारूबंदी. सासर चंद्रपूर. तिथे बंदी आली २०१५ साली आणि उठली २०२१ साली. तोवर काकांची नोकरी संपवून ही दोघं इथलीच झाली होती. दोन्हीकडून कोरड्या जिल्ह्यांतली ही बाई मार्गारिटा शिकली ती लेकीच्या बाळंतपणांत, टेक्सासमधल्या डॅलसला. बाळ झोपलं की जावई ब्लेंडर काढायचा.

"आणि डॅलस म्हणजे त्या गोष्टीची काशीच म्हण," काकू सांगू लागल्या. "तिथल्या मारियानो मार्टिनेझ नावाच्या हॉटेलवाल्याकडे गिऱ्हाईकं कुरकुरायची, प्रत्येक ग्लासची चव निराळी लागते म्हणून. त्यानं एका दुकानात बर्फाळ सरबत ओतणारं यंत्र पाहिलं आणि १९७१ मध्ये सॉफ्टी आइस्क्रीमच्या जुन्या मशीनमध्ये मार्गारिटा फिरवली. ते मशीन आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलंय. आपल्याकडे कोणी गोळेवाल्याचा रंधा ठेवलाय का संग्रहालयात?"

"मग मी पण मिक्सरमध्येच फिरवू?"

"अजिबात नाही! मागच्या पॉकेटमधल्या भाभीजींचं ऐकलं नाहीस?" काकूंनी आवाज खाली आणला, म्हणजे शेजारच्या दोनच घरांत जाईल इतका. "दिवाळीत त्यांनी बर्फाचे अख्खे खडे भांड्यात घातले. पातं वाकलं, मोटरीतून वास यायला लागला. पाहुणे बिचारे नुसतीच टकीला घेऊन उभे. त्यातले एक साहेब अजून भाभीजींना नमस्ते करताना दुसरीकडे बघतात. काय बोलले असतील त्या रात्री, देव जाणे."

काकूंची पद्धत पाण्याच्या जगाची. टकीला दोन वाट्या, संत्र्याचं लिकर एक वाटी, लिंबाचा रस एक वाटी. बारटेंडरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं माप पन्नास-वीस-पंधराचं आहे, पण त्यात आपल्या लोकांना आंबट कमी पडतं. टकीला आणि लिकर आदल्या रात्रीच बाटलीत एकत्र करून फ्रीझरमध्ये ठेवायचं. एवढं कडक मिश्रण घरच्या फ्रीझरमध्ये गोठत नाही, फक्त दाट, गार होतं. लिंबं मात्र पाहुणे यायच्या तासभर आधी पिळायची, सकाळी नाही. आणि पाणी घालायचं, हे लोक विसरतात. बारमध्ये बर्फात हलवताना पाचवा भाग तरी पाणी त्यात उतरतं. जगात ते आपण घातलं नाही तर दुसऱ्या ग्लासालाच माणसं बॉसबद्दल खरं बोलायला लागतात. सगळं मिळून दीड लिटर झालं तर तीनशे मिली पाणी, गार केलेलं.

"बाटलीतलं लिंबू कॉर्डियल चालेल का? वेळ वाचेल."

"चालेल. मग त्याला मार्गारिटा म्हणू नको."

मला हे पटलं. मीठ-साखर-लिंबाचं सरबत ज्यांच्या घरात तीन पिढ्या मापाशिवाय होतंय, त्यांना ही वस्तू जमायला अवघड नाही. हेच सरबत, फक्त मोठ्या माणसांचं. अडतं ते संत्र्याच्या लिकरपाशी. परदेशी बाटलीची किंमत ऐकून ह्यांनी फोन ठेवला होता.

"म्हणून तर हे सोलतेय," काकूंनी ताटातलं साल दाखवलं. पांढरा भाग न येऊ देता वरची केशरी साल पातळ काढायची, साखरेत चोळून रात्रभर झाकून ठेवायची. सालीतलं तेल साखरेत उतरतं. सकाळी थोडं कोमट पाणी घालून गाळलं की पाक तयार. तार वगैरे काही काढायची नाही. अल्कोहोल नसतं, म्हणून हा पाक वाटीभर नाही, पाऊण वाटी घ्यायचा, आणि वरचं पाणीही अर्धंच करायचं. कीनूचा रस घालावा म्हटलं तर काकूंनी हात हलवला. तो काढून ठेवला की कडू पडतो, बी चिरडली गेली तर जास्तच. नागपूरकडच्या बाईनं कीनूला बरं म्हणावं याचं मला नवल वाटलं, तेवढ्यात पुढचं आलंच: "कीनू पंजाबचा म्हणतात, पण तो मुळात कॅलिफोर्नियात तयार केलेला संकर. १९३५ मध्ये लोकांच्या हाती आला. आमच्या नागपुरी संत्र्याला जीआय आहे, बरं का. पण त्याची साल सैल. किसणीवर धरवत नाही."

टकीलाचं काय? नोएडा आमच्यापासून मेट्रोनं तीन स्टेशनं. तिथली दुकानं ह्यांना जवळची वाटतात.

"मेट्रोनं २०२३ पासून माणशी दोन सीलबंद बाटल्या चालवून घेतल्यात," काकू म्हणाल्या, "पण चिल्ला बॉर्डरच्या अलीकडे दिल्लीचा एक्साइज, पलीकडे उत्तर प्रदेशचा. मेट्रोचा नियम म्हणजे राज्याचा कायदा नव्हे. नवरा अडकला तर शनिवारी पाहुण्यांचं स्वागत तुझ्या सासूबाई करतील. दिल्लीतूनच घ्या, बिल ठेवा. आणि ऑफिसातला तो नवा मुलगा येणार असेल, तो किती वर्षांचा?"

"तेवीस."

"मग त्याला नाही. दिल्लीत पंचवीस लागतात. नोएडात एकवीस. यमुनेच्या एकाच तीरावर चार वर्षांचा फरक, पण पोलीस विचारतील तेव्हा मेट्रोचं स्टेशन सांगून भागणार नाही."

टकीलाच हवी असंही नाही, हे मात्र मला नवं होतं. काकूंच्या अंगणाच्या कोपऱ्यात फुटक्या कुंडीत एक घायपात आहे. मांजर येऊ नये म्हणून लावलेली. विदर्भात बांधावर, रेल्वेच्या कडेला असते तीच. तिच्या पानांच्या वाखाचे दोर वळायचे. टकीलाची निळी अगाव्ही हिचीच चुलत बहीण. डेस्मंड नाझरेथ नावाचे आयआयटी मद्रासचे गृहस्थ अमेरिकेहून परतले, आणि दख्खनच्या पठारावर पाहिलेली ही काटेरी झाडं त्यांना आठवली. आंध्रातल्या चित्तूरकडे त्यांनी भट्टी घातली आणि २०११ मध्ये गोव्यात 'डेस्मंडजी' विकायला काढली. झाडाचा गाभा शिजवून, आंबवून, ऊर्ध्वपातन करून. वर्षानुवर्षं जमवलेली साखर सगळी त्या गाभ्यात असते; एकदा दांडा काढून फुलली की झाड मेलंच. तिला टकीला म्हणता येत नाही, ते नाव मेक्सिकोनं १९७४ पासून आपल्याकडे बांधून ठेवलंय.

"पण आपल्याला काय करायचंय नावाशी?" काकू म्हणाल्या. "मार्गारिटाचंच बघ. डॅलसच्याच मार्गारेट सेम्स नावाच्या बाई म्हणायच्या, १९४८ मध्ये अकापुल्कोच्या बंगल्यात पाहुण्यांसाठी मीच पहिल्यांदा केली. आणि लंडनच्या कॅफे रॉयलच्या १९३७ च्या पुस्तकात हीच कृती 'पिकाडोर' नावानं छापलेली. अशा बायका आपल्या महिला मंडळात किती आहेत ते मला विचारू नको. त्या कोथिंबीर वडीचं तुला माहीत आहेच."

माहीत होतं. त्यात पंधरा मिनिटं गेली. ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

मग मी खरी अडचण काढली. आठांतले तीन जण घेत नाहीत. एक डॉक्टरांनी बंद केली म्हणून, एक बायको समोर असते म्हणून, आणि हा तेवीस वर्षांचा. दिल्लीच्या पार्टीत अशा माणसाच्या हातात कोल्ड्रिंक दिलं की रात्रभर त्याला एकच प्रश्न. का नाही घेत? एक तर घे! आग्रहाच्या या प्रकारानं किती चांगली माणसं लवकर घरी गेली असतील.

"तुझ्याकडे आगळ आहे ना?"

आहे. चिपळूणहून मंगला एक्स्प्रेसनं निजामुद्दीनला येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाच्या पिशवीत कोकम आगळाची बाटली असतेच.

"मग दोन्ही जगांत घाल. ग्लासला चमचाभर. रंग सारखा, ग्लास सारखे, मीठ सारखं. एका जगात टकीला आणि दुसऱ्यात कीनूचा पाक, लिंबू, पाणी. कोणाच्या हातात काय आहे ते फक्त तुला माहीत."

"आणि अदलाबदल झाली तर? डॉक्टरांनी बंद केलेल्या माणसाला भलताच ग्लास गेला तर?"

"म्हणून कोऱ्या जगाच्या कानाला कलाव्याचा दोरा बांध. ओतायला तूच उभी राहा. नवऱ्याला हात लावू देऊ नको, ते दुसऱ्या ग्लासानंतर दोरा बघत नाहीत."

हे मला इतकं आवडलं की लिंबांचं विसरलेच. आगळ आधीच खारट असतं, म्हणून मीठ बेतानं. जाडं मीठ खलबत्त्यात अर्धवट कुटायचं, त्यात चिमूटभर काळं मीठ आणि लाल तिखट. ग्लासच्या काठाला बाहेरून लिंबाची फोड फिरवायची आणि अर्ध्याच काठाला मीठ लावायचं. अर्ध्याच का, तर ज्याला नको त्यानं ग्लास फिरवून प्यावं. शिवाय चाळिशीपुढच्या माणसांत बीपीची गोळी घेणारे किती, ते विचारायची गरज नसते. आतल्या बाजूला मीठ गेलं तर पेय खारट होतं, आणि दोष लिंबाला जातो.

"शनिवार म्हणालीस ना? ड्राय डे नाही ना?"

"नाही, ह्यांनी बघितलं."

"आणि संकष्टी?"

ते ह्यांनी कशाला बघितलं असेल! दिल्लीतल्या मराठी घरात पाहुणे बोलवायचे तर दोन कॅलेंडरं बघावी लागतात, एक्साइजचं आणि कालनिर्णय. मी आत जाऊन पाहून आले. संकष्टी रविवारी.

"वाचलीस," काकूंनी कीनूच्या सालीची वाटी कुंपणावरून माझ्या हातात दिली. "साबुदाणा रविवारी भिजव. शनिवारी वड्या तळ, नि त्यात मीठ हात राखून घाल, काठाला आहेच. आणि लिंबं आचार्य निकेतनच्या बाजारातून आण, संध्याकाळी सातनंतर. तेव्हा ते तीसच्या भावात चाळीस देतात."

"तुमच्याकडची चार?"

"ती मला लागतील. काकांना आज पोहे हवेत."