भरपगारी रजेपासून बचाव : एक खुले पत्र

प्रति,
जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील समस्त मालक, चालक, आडते व मुकादम.
विषय : भरपगारी रजेचा उपद्रव आणि त्यावरील उपाय.

भरपगारी रजा म्हणजे घरी बसून खाल्लेला पगार, अशी व्याख्या गल्ल्यावर बसून केली जाते. कायदा ती केलेल्या कामातून साठलेली कमाई मानतो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 नुसार वर्षात 240 दिवस भरले की पुढच्या वर्षी दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. शिवाय वर्षाला आठ किरकोळ रजा; त्या मात्र घेतल्या नाहीत तर वर्षाअखेर बुडतात. त्यामुळे पोराला ‘डिसेंबरनंतर बघू’ म्हणून परत पाठवणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

सणांच्या सुट्ट्याही आठ आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या. बाकीच्या चार मालक व कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी एकत्र बसून ठरवायच्या. शिवनेरीच्या परिसरात शिवजयंती आणि गावची यात्रा त्यात सहज बसावी. अडचण एवढीच, की यात्रेच्या दिवशीच गल्ला भरतो. देव सर्वांचा असला तरी काउंटरवर कुणीतरी लागतेच.

खरी गंमत आकड्यात आहे. 1948 च्या जुन्या कायद्याच्या टापूत एक नोकर असलेले दुकानही येत असे. 2017 च्या कायद्याने ही हद्द दहा कामगारांवर नेली. त्याखालच्या दुकानाने फक्त आपल्या धंद्याची सूचना द्यायची, रजेची कलमे त्याला लागू नाहीत. साहजिकच हजेरीपुस्तकात नऊ नावे असणे शुभ. दहावा दिसलाच तर तो भाचा असतो, ‘घरचाच पोरगा, बसतो आपला’. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही हद्द वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. म्हणजे आणखी दहा भाच्यांची सोय झाली.

साखर कारखान्यांचे प्रकरण वेगळे. निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि दत्तात्रयनगरचा भीमाशंकर, दोन्ही सहकारी. गेटच्या आतल्या कामगाराला कारखाने अधिनियम, 1948 चे तेच 240 दिवसांचे माप होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या कामगार संहितेने ते 180 वर आणले. गाळप चालते साधारण चार-पाच महिने. त्यामुळे केवळ हंगामापुरते नाव असलेल्याला दोन्ही मापे लांबच. त्याच्या हक्कांसाठी वेतनकरार उघडून बघावा लागतो.

नारायणगावात पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला येतात. इथल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर दिवस भरलेले असताना फडावर उभ्या होत्या. कळा सुरू झाल्यावर पडद्यामागे बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या, असे सांगतात. कलानिष्ठेचा दाखला म्हणून हा प्रसंग भाषणांतून हमखास येतो. प्रसूतीची भरपगारी रजा देणारा कायदा 1961 मध्ये आला. ती 12 आठवड्यांची होती. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची झाली. आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम ही अट. फडावरच्या बाईचे 80 दिवस कुणाच्या वहीत मांडायचे, हे भाषणात येत नाही.

आता शेवटचा वर्ग. मराठवाड्यातून, नगरकडून येणारी ऊसतोड जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. गैरहजेरीच्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात आणि दोघांपैकी एकाने जरी खाडा केला, तरी 500 रुपये दंड कापल्याच्या तक्रारी आहेत. पाळी असली तरी सूट नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा 2019 मध्ये झाली आणि राज्याने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा खाड्याची भीती हे एक कारण म्हणून पुढे आले. रजेचा इतका नफ्याचा प्रकार दुकानदारांना अजून साधलेला नाही: सुट्टी मजुराची, आणि पैसेही त्याचेच.

एक भरपगारी सुट्टी मात्र हजेरीपुस्तक विचारत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135-ब नुसार लोकसभा-विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी प्रत्येक नोकरदार मतदाराला सुट्टी द्यावी लागते आणि रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाची मजुरी द्यावी लागते. कामगार नऊ असोत की नव्वद. काम थांबल्याने धोका किंवा मोठे नुकसान होणार असेल, तरच सवलत. ही सुट्टी नाकारणाऱ्या मालकाला दंड आहे, 500 रुपयांपर्यंत.