सांजोरी आणि सही

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की आमच्या धरणगावात निंबाच्या फांद्यांना झोके लागतात आणि ओट्याओट्यांवर घरांचे सौदे रंगतात. साडेतीन मुहूर्तांतला हा एक. सालदाराचं सालही याच दिवशी फिरतं, मग घराचा मालक का फिरू नये? तेव्हा ज्यांना घर घ्यायचं आहे त्यांनी या सदराचं कात्रण खिशात ठेवावं. विकणाऱ्यांनी नाही ठेवलं तरी चालेल. त्यांना सगळं ठाऊकच असतं, फक्त कुणी विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत.

घेण्याआधी शेजारपाजार पाहावा. हा धडा इंग्रजांनी याच गावात गिरवला आहे. सतराव्या शतकात त्यांनी इथे वखार घातली. बाजारपेठ जुनी, कापड मुबलक. तेव्हाही एखादा दलाल ‘भो, जागा सोनानी शे’ म्हणालाच असणार. थोड्याच वर्षांत मराठी फौजा आल्या आणि वखार लुटून गेल्या. दलाली परत मिळाल्याची नोंद माझ्या वाचनात नाही.

घर पाहायला जायचं ते वैशाखात, दुपारी दोन वाजता. दलाल तुम्हाला श्रावणातल्या सकाळी बोलावील, त्याला काम असल्याचं सांगावं. पारा पंचेचाळिशीला टेकला की स्लॅबचं घर स्वतःच बोलू लागतं आणि शेजारचं जुनं धाब्याचं घर गालातल्या गालात हसतं. नळाला पाणी येतं का, असं विचारू नका. ‘येतं की’ हे उत्तर खरंच असतं. कितव्या दिवशी येतं, हे मालकाकडून कळत नाही. गच्चीवरच्या टाक्या आणि मोरीतले ड्रम मोजा, म्हणजे हिशेब आपोआप लागतो. हे काम बायकोला करू द्यावं. तुम्ही गॅलरी बघत असता तेवढ्यात तिचे ड्रम मोजून झालेले असतात. बालकवी 1890 साली याच गावात जन्मले. त्यामुळे घरामागच्या गटारीला कुणी निर्झर म्हणालं तर ती स्थानिक परंपरा समजावी. भाव मात्र गटारीचाच लावावा.

आता कागद. ‘नियमित घरपट्टी भरतो साहेब’ असं म्हणत मालक पावत्यांची चवड पुढे करतो. नगरपालिका कर घेते, मालकी देत नाही. मिळकत पत्रिका मागा. बिनशेती प्लॉट असेल तर सात-बारा आणि बिनशेतीचा आदेश मागा. तीस वर्षांचा सर्च वकिलाकडून काढून घ्या. जुनं खरेदीखत हाती आलं आणि त्यावर ‘तालुका एरंडोल, जिल्हा पूर्व खानदेश’ दिसलं तर दचकू नका. 1906 ते 1960 आपण पूर्व खानदेशच होतो आणि धरणगाव तालुका वेगळा झाला तो बराच नंतर. दचकायचं ते नोटरीला. ‘स्टॅम्पावर लिहून नोटरी केलं, झालं घर तुमचं’ असं सांगणारा एक हुशार माणूस प्रत्येक गल्लीत असतो. शंभर रुपयांवरच्या घराची विक्री नोंदणीशिवाय होत नाही, हे 1882 आणि 1908 च्या कायद्यांनी लिहून ठेवलंय. आज शंभर रुपयांत धरणगावात उंबरठासुद्धा येत नाही. साठेखत झालं तरी घर तुमचं होत नाही, ते खरेदीखतानं होतं. विसार रोखीत देऊ-घेऊ नका. वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड आयकर खातं लावू शकतं. ‘कागदावर किती आणि वरचे किती?’ या प्रश्नावर मी लिहीत नाही. संपादकांनाही घर विकायचंय.

एवढं सगळं जमलं की मिळकत पत्रिका पुन्हा एकदा उघडा आणि नाव वाचा. नाव बहुधा वडिलांचं किंवा आजोबांचं असतं आणि ते जाऊन पंधरा-वीस वर्षं झालेली असतात. वारसनोंद राहून गेलेली असते. आखाजीला त्यांच्या नावानं घागर भरली जाते, वर डांगर ठेवलं जातं, आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य होतो. गावात हाच एक मालक असा, की त्याला जेवायला बोलावता येतं, सहीला बोलावता येत नाही.

मग वारस मोजायला बसतात. भाऊ किती ते लगेच कळतं. ‘आणि बहिणी?’ असं विचारलं की ओट्यावर एकदम उकाडा वाढतो. ‘त्या काय, आपल्या घरच्याच. त्यांना काही नको.’ वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलगी 1956 पासून वारस आहे. वडिलोपार्जितात महाराष्ट्रानं तिला 1994 साली हक्क दिला, 2005 साली देशानं दिला. 2005 ला वडील हयात नव्हते तरी तिचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली सांगितलं. 1956 पासून ही बातमी दिल्लीहून निघालेली आहे, अजून ओट्यावर पोचायची आहे.

म्हणून तर सौदे आखाजीला निघतात. मुहूर्त वगैरे ठीक आहे, पण खरं कारण हे की लेकी याच वेळी माहेरी येतात. झोका, गौराईची गाणी, सांजोरी, आणि सांजोरीच्या ताटाखाली हक्कसोडीचा कागद. मुद्रांक पाचशे रुपयांचा. साडी त्याहून महाग पडते, पण ती तर द्यायचीच असते.

गंमत पुढेच आहे. 2021 पासून राहतं घर बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. त्यामुळे बहिणीचं नाव सकाळी कमी करून आलेला भाऊ दुपारी दुसऱ्या घरासाठी बायकोचं नाव लावायला दुय्यम निबंधकाच्या दारात उभा असतो. स्त्रीला मालकी मिळावी याबद्दल त्याचं सरकारशी पूर्ण एकमत आहे. एक टक्क्यापुरतं.

मीही गेल्या आखाजीला असाच एका ओट्यावर बसलो होतो, घर घ्यायला. भाव ठरला होता, पेढे आले होते, दोन्ही भावांच्या सह्या तयार होत्या. ताई आतून सांजोऱ्यांचं ताट घेऊन आल्या. धाकट्या भावानं कागद पुढे केला, पेन पुढे केलं, अंगठा कुठे ठेवायचा तेही दाखवलं.

ताई म्हणाल्या, “अंगठा कशाले? सातवी शिकेल शे मी.” कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, परत लांब धरला. “चष्मा अमयनेरले राहिना भो. वाचल्याबिगर कशी करू?”

मोठा भाऊ म्हणाला, “मी वाचून दाखवतो ना.”

“तू नको,” ताई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “तुम्ही सांजोरी घ्या, पाव्हणं. दिवाळीले चष्मा लई येसू.”

दिवाळी होऊन गेली. मी अजून भाड्याच्या घरात आहे. ताईंचा चष्मा, असं कळतं, आता जळगावच्या वकिलाकडे आहे.