निराशेचा रिकामा रकाना
वर्षअखेरीस वाचकमंडळी ‘यंदा काय आवडलं, काय फसलं’ सांगायला बसतात, तेव्हा आवडलेल्यांची यादी लांबत जाते आणि फसलेल्यांत जेमतेम एखादा परदेशी लेखक सापडतो, तोही दिवंगत. ही प्रथा स्तुत्यच म्हटली पाहिजे. मराठी कादंबरीची आवृत्ती बहुधा हजाराच्या आतबाहेर. लेखक, समीक्षक आणि वाचक पुढच्या प्रकाशन समारंभात बटाटेवड्याच्या एकाच रांगेत उभे राहणार. तिथे ‘कंटाळा आला’ कसं म्हणणार? म्हणून ‘वेगळा प्रयोग आहे’. २०१० साली आलेली नेमाड्यांची ‘हिंदू’ सहाशे पानांची. कित्येक दिवाणखान्यांत ती आदराने उभी आहे, खुणेचं बसचं तिकीट चाळिसाव्या पानात.

अशाने नवख्याने पुस्तक निवडावं कसं, हा आक्षेप गैरलागू आहे. निकाल ठरलेलाच असेल तर वाचण्याची जोखीम घ्यावीच कशाला? मलपृष्ठ पाहून अभिप्राय द्यावा. पुस्तकही कोरं राहतं, मतही. प्रामाणिकपणाची काळजी असणाऱ्यांनी उसनवारीकडे पाहावं. ‘अप्रतिम’ म्हणून नेलेलं पुस्तक आठवड्याच्या आत, न मागता, कव्हर घालून परत येतं. ‘ठीक आहे, बघतो’ म्हणून नेलेलं मात्र तीन घरं फिरून बेपत्ता होतं.