ज्यांचा माणूस गेला, त्यांना विचारा

बरा होऊन घरी निघालेल्या रुग्णाच्या हातात रुग्णालय एक फॉर्म देते. जेवण कसे होते, चादरी वेळेवर बदलल्या का, कर्मचारी नीट बोलले का? ज्यांचा माणूस तिथेच गेला, त्यांना मात्र कुणी काही विचारत नाही. बिल चुकते करा, कागदावर सही करा, शववाहिका बोलवा. त्या रुग्णालयाबद्दल ज्यांना सर्वांत जास्त ठाऊक आहे, तीच माणसे अशी मुकाट्याने बाहेर पडतात. हे थांबले पाहिजे.

मरणाच्या वेळी मिळणाऱ्या सेवेची मोजदाद जगात होते. लिएन फाउंडेशनसाठी इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटने २०१० साली ४० देशांची क्रमवारी लावली, त्यात भारत शेवटचा होता. २०१५ साली ८० देशांत ६७वा. दोन्ही वेळा पहिला क्रमांक ब्रिटनचा. पण त्याच २०१५च्या मे महिन्यात ब्रिटनच्या आरोग्यसेवा लोकपालांचा अहवाल आला. वेदनांकडे दुर्लक्ष, माणूस मरणाच्या दारी आहे हे वेळेवर न ओळखणे, घरच्यांशी न बोलणे, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी मदत न मिळणे, असे सगळे त्यात होते. पहिल्या आलेल्या देशातले हे सत्य उजेडात आले ते घरच्यांच्या तक्रारींमुळे. धोरणे आणि तज्ज्ञांची संख्या मोजणाऱ्या क्रमवारीत ते सापडणे कठीणच होते.

त्याआधीचा ब्रिटनमधल्याच ‘लिव्हरपूल केअर पाथवे’चा धडा तर आणखी कडू आहे. हॉस्पिसमधली, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषागृहातली, चांगली सेवा साध्या रुग्णालयातही मिळावी, या हेतूने ही पद्धत आखली गेली. हेतू उत्तम होता. पुढे तिचा वापर वाढवण्यासाठी रुग्णालयांना उद्दिष्टे दिली गेली, त्यामागे पैसेही आले. २०१३ साली बॅरोनेस ज्युलिया न्यूबर्गर यांच्या समितीने तपासले, तेव्हा अनेक ठिकाणी उरल्या होत्या त्या चौकटीतल्या खुणा. पाणी मागणाऱ्यालाही पाणी दिले नाही, असे काही नातेवाइकांनी सांगितले. पद्धत गुंडाळावी लागली. खुणा मोजल्या की खुणाच वाढतात, हे आपण आजच लक्षात ठेवावे.

मग मोजायचे काय? अमेरिकेत २०१५पासून हॉस्पिससाठी एक सर्वेक्षण चालते. रुग्ण गेल्यावर काही महिन्यांनी त्याची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाला प्रश्न पाठवतात : वेदनेवर हवी तेवढी मदत मिळाली का? धाप लागली तेव्हा? रात्री, शनिवार-रविवारी कुणी आले का? उत्तरांवरून काढलेले गुण संस्थेच्या नावानिशी जाहीर होतात. शेवटच्या तीन दिवसांत निदान दोन दिवस नर्स किंवा समाजसेवक प्रत्यक्ष येऊन गेला का, हेही मेडिकेअर ही तिथली सरकारी विमायोजना तपासते. तिथे नफ्यासाठी चालणारी हॉस्पिसेस खूप आहेत, गैरव्यवहारही उघडकीला आले आहेत. म्हणूनच घरच्यांची साक्ष तिथे अधिक मोलाची ठरते.

आपल्याकडे सगळाच अंधार नाही. वांद्र्याचे शांती आवेदना सदन हे हॉस्पिस १९८६पासून उभे आहे. केरळने २००८ साली वेदनाशमन सेवेचे धोरण करून ग्रामपंचायतींमार्फत घरोघरी सेवा नेली. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन तीव्र वेदनांवरचे औषध मॉर्फिन मिळण्याची वाट सोपी झाली. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मूलभूत मानला. हक्क आहे, कायदा आहे. तो त्या खाटेपर्यंत पोहोचला का, ते तपासायला हवे.

त्यासाठी पाच प्रश्न पुरेत. दुखणे किती वेळात आटोक्यात आले, मॉर्फिन गावात मिळाले की त्यासाठी दुसऱ्या शहरात धावावे लागले? श्वास अडकू लागला तर काय करायचे, हे आधी कुणी शिकवले होते का? रविवारी मध्यरात्री फोन कुणी उचलला का? आता बरे होणे नाही, हे कुणी स्पष्ट सांगितले आणि केव्हा? आणि शेवटचे दिवस कुठे काढायचे, हे खुद्द रुग्णाला विचारले का? “बाबांना काही सांगू नका” असे आपण घरचेच डॉक्टरांना बजावतो, म्हणून हा शेवटचा प्रश्न आपल्यालाही आहे.

दुःखातल्या माणसाला छेडू नये, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. दोन-तीन महिने जाऊ द्या, उपचार करणाऱ्यांपैकी नसलेल्या माणसाने हळुवारपणे विचारावे, नको म्हटले तर थांबावे. आणि रुग्ण बोलू शकतो तोवर त्यालाच रोज विचारावे, शून्य ते दहा, किती दुखते? तो आकडा रक्तदाबासारखा कागदावर चढवावा, आणि वाढला तर त्याच दिवशी औषध बदलावे.

राज्याच्या आरोग्य खात्याने हे प्रत्येक रुग्णालयाला आणि घरपोच सेवेला बंधनकारक करावे, आणि उत्तरे संस्थेच्या नावानिशी जाहीर करावीत. शंभर घरांपैकी किती घरांनी ‘रात्री फोन उचलला’ असे सांगितले, एवढा एक आकडा दर्शनी भागात लावा. तो लावायची ज्यांची तयारी नाही, त्यांच्या भिंतीवरच्या दर्जाच्या प्रमाणपत्रावर मी विश्वास ठेवणार नाही. तुम्हीही ठेवू नका.